अजून संपलेलं नाही

कराडच्या घरी आल्या आल्या शुभदाने बॅग खाली टाकली. "कसं वाटतंय, अप्पा?"

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या वडिलांना एकेक शब्द शोधून आणावा लागे. "मला... तुला..."

"पाणी हवंय? की पंखा लावू?"

अप्पांनी हातानेच नाही म्हटलं. "तुझ्या..."

"माझ्या नोकरीचं ना? छान चाललंय हो!"

अप्पांनी दमून मान डोलावली.

तेवढ्यात टीपॉयवरचं बोलतं यंत्र हळूच म्हणालं, "जरा थांबा. अप्पांचं बोलणं अजून संपलेलं नाही."

शुभदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडखळत बोलणाऱ्यांसाठी थांबायला या यंत्रांना तिनेच शिकवलं होतं. ते वाक्य तिनेच लिहिलेलं, आणि अप्पांना एकटं वाटू नये म्हणून या यंत्राला आवाजही तिने स्वतःचाच दिलेला. कंपनीत केवढं कौतुक झालं होतं त्या थांबण्याचं!

ती अप्पांसमोर येऊन बसली. अप्पा वळले, पण तिच्याकडे नाही, टीपॉयकडे. रोजच्या सवयीने, अगदी निवांत.

"शुभा," ते यंत्राला म्हणाले, "तिला... विचार ना... चार दिवस... राहशील का म्हणून."