काचेच्या पेटीसमोर

“आवं, ह्यो माणूस खरंच चारशे वर्सं असाच हाय?” शालूबाईनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही ओढली.

“गाइड म्हणतोय तर आसंल,” आकाराम म्हणाला.

जुन्या गोव्यातल्या त्या थोरल्या चर्चमध्ये रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. चौऱ्याण्णवचा डिसेंबर. संताचा देह कितीतरी वर्षांनी लोकांच्या दर्शनाला ठेवला होता. उंब्रजहून सहलीला आलेली मंडळी माना वर करून सोन्यानं मढवलेली वेदी बघत होती. शालूबाई तेवढी अनवाणी होती. देवाचं घर म्हटल्यावर तिनं दारातच चपला काढल्या होत्या.

तीन वर्षांत ती पहिल्यांदा गावाबाहेर पडली होती. एकुलता एक जोतीराम पलटणीत होता. सियाचेनला बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. तेव्हापासून बाई हसली नाही, मोकळी रडलीही नाही. सगळे म्हणाले, समुद्र दाखव, जरा मन रमेल. म्हणून आकारामनं तिला आणलं होतं.

पेटी आली. काचेआड वाळलेली काळपट पावलं दिसली. शालूबाईचा हात आपसूक पुढं गेला.

“हात नको, मावशी. पुढं चला,” तिथला स्वयंसेवक हळूच म्हणाला.

ती पुढं झाली, पण खांबापाशी येऊन थांबली. तिनं गाइडला विचारलं, “काय औषध लावलंय ह्यास्नी?”

“काही नाही. उलट चुन्यात पुरलं होतं, तरी देह टिकला. लोक चमत्कार मानतात.”

गाइड बाकीच्यांना घेऊन पुढं गेला. शालूबाई तिथंच उभी राहिली. मग नवऱ्याकडं न बघताच बोलली, “चुन्यात टिकला. मंग बर्फात तर लेकरू जसंच्या तसं आसंल.”

आकारामनं आधी गाइडकडं बघितलं. मंडळी लांब गेली होती.

जोतीराम सापडलाच नव्हता. तार आल्यावर आकाराम एकटा पठाणकोटला गेला. साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, चौकीवर डोंगराएवढं बर्फ आहे, खाली कुणी हाती लागणार नाही. पोराची ट्रंक घेऊन तो माघारी फिरला. कराडला गाडीतून उतरला आणि त्याला घरी जायचं धाडसच होईना. आईपुढं रिकाम्या हातानं उभं कसं राहायचं? स्टेशनाबाहेर एका हॉटेलवाल्याची चूल विझली होती. आकारामनं नवं मडकं घेतलं, त्यात त्या चुलीतली राख भरली, वर लाल फडकं बांधलं. तिकडंच अग्नी दिला, असं घरी सांगितलं. कराडच्या संगमावर सगळ्या भावकीसमोर ती राख कृष्णेत सोडली. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती.

“आगं, असं काय बोलतीस?” तो कसाबसा म्हणाला. “त्याला आपन संगमावर सोडलं न्हवं?”

“ती गवऱ्यांची राख हुती.”

“कोण म्हणालं तुला?”

“सोडायच्या आदल्या दिशी पोराला एकदा हात लावावा म्हणून मी मडक्यात हात घातला,” शालूबाई सावकाश म्हणाली. “हाडाचा एक तुकडा न्हवता. माझा सारा जन्म चुलीफुडं गेला. मला कळत न्हाई व्हय?”

मागची माणसं त्यांना वळसा घालून जात होती. कुणीतरी मेणबत्ती लावत होतं. तीन वर्षं त्यानं जी गोष्ट तिच्यापासून लपवली, ती तिच्याजवळच होती. पोराला बर्फातून कुणी वर काढील, असं त्याला म्हणवेना. कधीच काढणार नाहीत, असंही म्हणवेना.

“मंग तवाच का बोलली न्हाईस?” त्यानं विचारलं.

शालूबाईनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“कसं बोलू? तुमी ते मडकं रातभर मांडीवर घिऊन बसला हुता. लेकरू निजवल्यागत.”