ओल्या सारवणावरची पावलं

१९४८ साल होतं. गोरी पलटण निघून गेली आणि कल्याणजवळच्या छावणीतल्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित माणसं राहू लागली. त्यातली एक बराक विठाच्या भातशेतावर उभी होती. लढाईच्या काळात सरकारने शेत घेतलं, त्याच दिवशी तिचा नवरा कोंडाजी घर सोडून गेला होता. शेत परत मिळेल या आशेने विठा त्याच बराकीची जमीन सारवायला जाई.

पहिल्या दिवशी ओल्या सारवणावर पलटणीच्या बुटांचे ठसे उमटले, सगळे दारातून बाहेर जाणारे. तिने ते पुसले.

दुसऱ्या दिवशी अंगठा नसलेलं अनवाणी पाऊल दिसलं. ते कोंडाजीचं होतं आणि तेही बाहेर निघालेलं.

तिसऱ्या दिवशी टाचेला ठिगळ लावलेल्या चपला उमटल्या.

"पोपटीबाय, सारवण ओलं हाय. कशाला गेलीस भायेर?" विठाने बराकीत राहणाऱ्या बाईला विचारलं.

"मी कुठे गेली? मैं तो कबसे खाटेवरच बसली आहे!" सिंधी बाई हसली. मग तिने ठसे पाहिले आणि खाटेखालच्या आपल्या कोरड्या चपला उचलून छातीशी धरल्या.

कोंडाजी परतला नाही. पोपटीबाई त्रेपन्न साली कुटुंबासह निघून गेली, त्याच चपला घालून. विठाला शेत मिळालं नाही. बराक पाडून तिथे कारखाना बांधायला घेतला, तेव्हा ती कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होती. ओल्या सिमेंटात पावलं उमटत गेली, शेकडो, दारातून बाहेर जाणारी. कामगारांची भरती अजून व्हायची होती.