तळहाताएवढं गवत

"फेकू नको ते!" धुरपदाबाई ओट्यावरून अहिराणीत ओरडल्या. "आधी जोडी दाखाड."

काशिनाथच्या हातात नकली गवताच्या चिंध्या होत्या. सुरतेत घरोघरच्या अंगणातलं हे प्लास्टिकचं गवत दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. फाटलेल्या जागेचा चौकोन कापायचा, तेवढाच तुकडा खाली पट्टी लावून चिकटवायचा, वरून ब्रश मारायचा आणि निघायचं. निघालेल्या चिंध्या जोडत कोण बसतं?

"आजी, हे आता काही कामाचं नाही."

"तुन्हा कामनं नही. मन्हा कामनं शे."

सून सुषमा चहा देण्याच्या निमित्तानं जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जोडा हो भाऊ. काल अमावस्या होती. रस्त्यावरच्या मोकाट गाईला गुळाची पोळी द्यायची, तर गुडघ्यांमुळे सासूबाईंना रस्त्यापर्यंत जाववेना. मग काय, फाटक उघडून गाईलाच घेतलं आत! पोळी पडली गवतावर. उन्हानं गूळ वितळून बसला चिकटून. गाय चाटतेय, ओढतेय, आणि ओढता ओढता गवतच उपटून निघालं."

"मग?"

"मग काय! गाईनं प्लास्टिक गिळलं असेल तर मीच तिला मारली म्हणतात. सगळे तुकडे जुळल्याशिवाय खात्री पटायची नाही. कालपासून अन्नाला शिवल्या नाहीत. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, उपाशी राहून कसं चालेल?"

काशिनाथ खाली बसला. अंगण तव्यासारखं तापलेलं. तो एकेक चिंधी उचलून कडेला कड लावत गेला. काही उलट्या बसत होत्या, त्या फिरवून घेतल्या. म्हातारी ओट्यावरून डोळे बारीक करून पाहत होती. मोतीबिंदूमुळे दिसत काहीच नव्हतं, पण नजर हटत नव्हती.

सगळ्या चिंध्या लागल्या आणि मधोमध तळहाताएवढी जागा उघडी राहिली. त्यानं कुंड्यांमागं पाहिलं, मोरीच्या जाळीत पाहिलं, वॉशिंग मशीनखाली हात घातला. तुकडा कुठंच नव्हता.

"पुरं व्हयनं का, भाऊ?"

सासूच्या पाठीमागून सुषमानं हात जोडले. हो म्हणा, एवढंच तिचे डोळे सांगत होते.

"होतंय, आजी."

गोंदाची बाटली आणायला म्हणून तो एसीच्या बाहेरच्या डब्यामागं गेला. तिथलं गवत तेवढंच जुनं, तेवढंच विटलेलं आणि कुणाच्या नजरेला न पडणारं. रंग जुळवायचा असला की कारागीर अशाच कोपऱ्यातून तुकडा घेतात. त्यानं तळहाताएवढा कापला आणि आणून बसवला. अगदी बेमालूम बसला.

"झालं पुरं. एक तुकडाही गेलेला नाही."

"मन्ही आन?"

काशिनाथनं जुळलेल्या कडेवरून ब्रश फिरवला. मग म्हणाला, "तुमची शपथ, आजी."

धुरपदाबाई भिंत धरून खाली आल्या, त्या जागेवरून त्यांनी हात फिरवला आणि घळाघळा रडल्या. "माय वो! वाचनी माय!" म्हणत आत गेल्या आणि स्वतःच ताट मागून घेतलं. सुषमाचा चेहरा कसा उजळला! "लई उपकार झाले भाऊ तुमचे," ती म्हणाली.

उपकारच म्हणायचे. म्हातारी जेवली, गवत जुळलं, आणखी काय पाहिजे? काशिनाथनं सामान गाडीला बांधलं. बमरोली भागातलं गिऱ्हाईक वाट पाहत होतं. फाटक ओलांडलं आणि त्याला गाय दिसली.

शेजारच्या मोटारीच्या सावलीत बसली होती. मान लांब केलेली, तोंडाला फेस. डावी कूस फुगून टणक झालेली. रवंथ बंद. माश्या डोळ्यांवर बसत होत्या तरी कान हलत नव्हता.

सुरतेत गाई काय कमी आहेत, असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली. पण पाय काही उचलेना. म्हातारीची खोटी शपथ घेऊन बसलो, आता हिला अशीच टाकून जायचं? स्वतःचाच त्याला संताप आला. गाडी बंद करून तो तडक आत गेला.

धुरपदाबाईंच्या हातात घास होता.

"आजी, मी खोटं बोललो. एक तुकडा सापडलाच नाही. गाय बाहेर बसलीय. पोट फुगलंय तिचं."

सुषमानं असं पाहिलं की गिळूनच टाकील. आता म्हातारी ऊर बडवणार, असं दोघांनाही वाटलं. पण धुरपदाबाईंनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि पायात चपला अडकवल्या.

"मंग इतला येळ काय करी ऱ्हायंता? ढोरेस्ना डाक्टरले फोन लाव!"

काठीसुद्धा न घेता ती बाई फाटकाबाहेर पडली.

जनावरांच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर काशिनाथनं शेजारच्या दुकानातून मिळवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या माणसानं पत्ता लिहून घेतला. मग गाईचा मालक कोण, ते गुजरातीत विचारलं, "गाय कोनी छे? मालिकनुं नाम बोलो."

सुषमा धावत आली. "आपलं नाव नका देऊ बरं! गाय मोकाट सोडली म्हणून दंड आपल्याच गळ्यात पडायचा. सांगा, रस्त्यावरची आहे, मालक कुणी नाही."

काशिनाथनं धुरपदाबाईंकडं पाहिलं. न वाकणारे गुडघे कसे वाकवले कुणास ठाऊक, पण त्या तापलेल्या डांबरावर बसल्या होत्या. गाईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या गळ्याखालून हात फिरवत होत्या.

"बोलो भाई, कोनी गाय छे?" फोनमधून पुन्हा आवाज आला.

धुरपदाबाईंनी मान वर केली.

"लिखी ले, भाऊ. धुरपदाबाई. मन्ही गाय शे."