चौथा खण

ऐक ना, मध्ये बोलू नकोस हं! पूर्णिमा, ती चंद्रपूरची, बिबवेवाडीत तीन मुलींच्या फ्लॅटमध्ये चौथी जागा बघायला गेली. दुसऱ्या दिवशी कात्रजची पीजी सोडायची होती, म्हणजे ही शेवटचीच आशा.

दाराबाहेर चपलांचा रॅक. चार खण, तीन जोड, आणि तिन्हींवर बोटभर धूळ. 'आळशी दिसतात पोरी,' म्हणत तिने सकाळीच घेतलेल्या कोऱ्या चपला खाली लादीवर काढल्या.

आत सगळं झकास. पाणी चोवीस तास, भाडं परवडणारं, खोलीला आतून कडी. आईने बजावलेलं एकूण एक तिने तपासलं. हेमा, ओवी, प्रियदर्शनी, तिघी अगदी गोड.

"ऑफिस लांब पडतं का गं?"

"आम्ही कुठे जातो?" हेमा म्हणाली आणि तिघी एकदमच हसल्या.

"वर्क फ्रॉम होम का?"

"बस ना, चहा टाकते," ओवी म्हणाली.

"आईला फोन करून आलेच," म्हणून पूर्णिमा बाहेर आली. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

लादीवर चपला नव्हत्या. चौथ्या खणात होत्या. बोटभर धूळ, एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत कोळ्याचं जाळं. तिने एक उलटी करून पाहिली. किमतीचा स्टिकर सकाळचाच होता, फक्त पिवळा पडलेला.

"पूर्णिमा, ये ना गं," आतून ओवीची हाक आली, "चहा गार होतोय."

जिना समोरच होता.

आता तू सांग. त्या चपला पायात घातल्या असत्यास, की अनवाणीच पळाली असतीस?