शेजारच्या तंबूतली हातोडी

सासू-सासऱ्यांचा टीव्ही दिवसभर गरजतो, म्हणून नवऱ्याला आणि मला दोन दिवस कुठेतरी पळायचंच होतं. "कंपनीचं ट्रेनिंग आहे," अशी थाप मारली. ती पचलीसुद्धा, कारण ती दोघंही त्याच सकाळी मावशींकडे निघाली होती, सासऱ्यांचे गुडघे तिथल्या डॉक्टरांना दाखवायला.

जंगलात, नदीकाठी जेमतेम तीन-चार तंबू मावतील एवढी जागा. नवरा दगडाने खुंट्या ठोकत होता आणि दर ठोक्याला स्वतःचं बोट चोखत होता. निघताना घरची हातोडी शोध शोध शोधली, पण मेली सापडलीच नाही.

शेजारचा तंबू मात्र कसा ताठ उभा! त्यातले आजोबा लांब खडकावरून नदीत धप्पकन उड्या मारत होते, वर शिट्ट्या. पाठमोरेच दिसत होते.

"या वयात काय गुडघे आहेत बघ!" नवरा म्हणाला. "नाहीतर आमचे बाबा."

मी शेजारच्या तंबूपाशी गेले. आत कुणा बाईची सावली हलत होती. नदीचा खळखळाट एवढा, की ओरडूनच विचारलं, "काकू, जरा हातोडी देता का?"

पडद्याआडून हातोडी धरलेला हात बाहेर आला. दांड्याला थेट आमच्या घरच्यासारखीच लाल लोकर गुंडाळलेली. मी हातोडीकडे बघतच राहिले, तेवढ्यात पडदा सरकला.


"काय गं," सासूबाई म्हणाल्या, "ट्रेनिंगला हातोडी लागते वाटतं?"