दोनशे अकरा फोटो

"हा सदतिसावा. यात पाण्याचा जग कसा उजळलाय बघा," क्लिकराव म्हणाले.

चौकशी अधिकाऱ्याने जग बघितला. सोफा इतका खोल होता की त्यातून उठायला कोणाचा तरी हात लागला असता. दाराची वाट ट्रायपॉडने अडवली होती आणि टीव्ही नीट दिसावा म्हणून पडदे ओढलेले होते. क्लिकराव मघापासून दोनशे अकरा फोटो म्हणत होते, पण टीव्हीच्या कोपऱ्यात ३७/२१२ असा आकडा होता. अधिकाऱ्याने मनात आणखी एक फोटो धरला आणि तो सोफ्यात अजून थोडा खचला.

रविवारी दुपारी साडेबाराला ऑफिसच्या रेकॉर्ड रूमला आग लागली होती. सगळ्यांची सर्व्हिस बुकं जळाली, त्यात क्लिकरावांचंही. त्यांची खरी जन्मतारीख कोणती आणि ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवे होते की काय, हे सोमवारी त्यात बघायचं ठरलं होतं. वॉचमनचं म्हणणं, आगीच्या जरा आधी फोटोवाले साहेब मागच्या जिन्याने वर गेले. क्लिकरावांचं म्हणणं, आपण तेव्हा मेव्हण्याच्या नव्या घरी जेवणाला होतो आणि फोटो काढत होतो. एकाची नोकरी जाणार हे नक्की होतं. कोणाची, ते अधिकाऱ्याने संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं.

घोटाळा वॉचमनच्या प्रामाणिकपणाने केला होता. गळ्यात कॅमेरा होता का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नव्हता साहेब. मोकळेच होते."

यावर अख्खं ऑफिस हसलं. क्लिकराव दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे होतात तेव्हाही कॅमेरा छातीवर असतो. साहेबांचे वडील गेले तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष साहेबांना खांद्याला धरून 'जरा उजेडात' घेतलं होतं. कॅमेऱ्याशिवायचे क्लिकराव कोणीही पाहिले नव्हते, म्हणजे वॉचमननेही पाहिले नसणार. मग आग लागली कशी? तर वॉचमन विड्या ओढतो.

"एकशे दोन," क्लिकराव म्हणाले. "पुढचा घे गं."

खुर्चीच्या कडेवर बसलेल्या वहिनींनी रिमोट दाबला. त्यांच्यामागच्या भिंतीवरही वहिनीच होत्या, चाळीसएक चौकटींत. कुठलाही कार्यक्रम असो, प्रकाश तपासायला क्लिकराव आधी बायकोला उन्हात उभं करत. बावीस वर्षांत चाळीसएक ठिकाणचा प्रकाश तपासून झाला होता आणि एकाही ठिकाणी वहिनी हसत नव्हत्या.

टीव्हीवरची माणसं मात्र हसत होती. मेव्हणा पोट धरून हसत होता. एक म्हातारे काका बिनदातांचे हसत होते. कोणाचंही डोकं कापलेलं नव्हतं. ऑफिसच्या सहलीच्या फोटोंत अधिकाऱ्याला स्वतःला ओळखायला बूट बघावे लागले होते.

"हे फार छान आलेत हो," तो म्हणाला.

"हात बसला आता," क्लिकराव म्हणाले.

ते स्वतः एकाही फोटोत नव्हते. काढणारा फोटोत कसा येणार, हे त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं आणि उत्तर नसल्यामुळे अधिकाऱ्याने ते वहीत उतरवून घेतलं होतं. मेव्हण्याला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दाजींच्या तावडीतून आमचं कुठलं जेवण सुटलंय?" तेही उतरवून घेतलं.

एकशे चाळिसाव्या फोटोवर वेळ होती बारा एकोणतीस. एकशे एकेचाळीस, बारा तीस. काकांच्या हातात वाटी. रेकॉर्ड रूम पेटली तेव्हा कॅमेरा शहराच्या दुसऱ्या टोकाला वाटीचा फोटो काढत होता, आणि जिथे कॅमेरा तिथे क्लिकराव. अधिकाऱ्याला सुटल्यासारखं वाटलं. पण सुटका एवढ्यात नव्हती. उरलेले सत्तर फोटो त्याला बघावेच लागले.

"संपले," क्लिकराव शेवटी म्हणाले.

अधिकाऱ्याने गुडघ्यावर अहवाल उघडला. क्लिकरावांनी लगेच कॅमेरा डोळ्याला लावला. सहीचा क्षण ते सोडणार नव्हते.

"वॉचमनचं काय होईल?" वहिनींनी विचारलं. तासाभरात त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"जाईल तो. विडीने आग लागली असंच लिहावं लागेल."

"त्याला दोन मुली आहेत ना?"

"तीन," क्लिकराव कॅमेऱ्याआडून म्हणाले. "मी फोटो काढलाय त्यांचा. धाकटी हलली."

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, हात जरा वर. सावली पडतेय," क्लिकराव म्हणाले.

अधिकाऱ्याने हात वर घेतला.

"थांबा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एक राहिलाय. मधलाच, पण शेवटी गेलाय."

"राहिला नाहीये गं. दोनशे अकराच ठेवलेत मी," क्लिकराव म्हणाले. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला.

वहिनींनी रिमोट दाबला.

टीव्हीवर मेव्हण्याच्या घरचं बेसिन आलं, वर आरसा, कोपऱ्यात बारा बत्तीस. आरशात वहिनी एकट्या होत्या, गळ्यात कॅमेरा अडकवून, आणि मनापासून हसत होत्या.