पहिला चौकोन

विणकर गल्लीतून तहसीलमध्ये एकसष्ट ऑनलाइन अर्ज आले आणि एकातही चूक सापडली नाही. शिकल्यासवरल्यांचे अर्ज मी रोज चुकांपायी परत पाठवतो. हे भरणारं कोण आहे, ते पाहायला मी स्वतः गेलो.

गल्लीने द्वारकामावशींकडे बोट दाखवलं. मागावर अर्धी पैठणी, शेजारी तडा गेलेला मोबाइल. त्यांचाही अर्ज मंजूर झाला होता. मी मंजूर अर्जाचा छापील कागद सहीसाठी पुढे केला, तर त्यांनी अंगठा पुढे केला.

"मावशी, मग एवढे अर्ज भरले कसे?"

"नक्षी उतरवते तसेच, साहेब. आधार कार्डावरची वरची ओळ पहिल्या चौकोनात. एकेक आकार हुडकायचा आणि दाबायचा. मोराचा डोळा चुकला तर अख्खा पदर उकलावा लागतो, तिथे हे काय."

पुन्हा मागावर बसता बसता त्या थांबल्या.

"त्या पहिल्या चौकोनात असतं तरी काय, साहेब?"

"नाव असतं, मावशी. ज्याचं त्याचं."

त्यांनी आपला कागद उचलला. पहिल्या चौकोनावरून बोट हळूच फिरवलं, एकेका अक्षरावर थांबत.

"म्हणजे ही मी."